डीपीच्या पोटातला रवा

गेल्या मे महिन्यात चार दिवसांसाठी गावी गेलो होतो. पोहोचलो त्याच रात्री ओढ्याकाठची डीपी जळाली. वीज कंपनीच्या कागदोपत्री तिला रोहित्र म्हणतात, शहरात ट्रान्सफॉर्मर म्हणतात. गावाला मात्र ती डीपीच. मोठा आवाज झाला, निळा जाळ उठला आणि अर्धे गाव अंधारात बुडाले. पुढचे तीन दिवस पंखा नाही, पिठाची गिरणी नाही, विहिरीवरचा पंप नाही. चौथ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दुरुस्त केलेली दुसरी डीपी आली. दिवे लागले, पोरांनी आरोळी ठोकली आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

आमच्या काकूंचे मात्र समाधान झाले नव्हते. वय वर्षे ब्याऐंशी. पण कान तिखट. संध्याकाळी अंगणात बसल्या बसल्या म्हणाल्या, ‘‘ही डीपी पहिलीपेक्षा जास्त घुमते रे. तू जन्मभर त्याच कारखान्यात काढलास ना? मग सांग बघू, तिच्या पोटात असतं तरी काय?’’

पस्तीस वर्षे मी या धंद्यात घालवली. पण घरातल्या कोणी हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला. काकू त्या वेळी लोणी कढवून तूप निवत ठेवण्याच्या गडबडीत होत्या. मी म्हटले, ‘‘काकू, तुमच्या या पातेल्यात जे असतं ना, तेच डीपीच्या पोटात असतं. रवा.’’ त्यांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. तेच आज जरा सविस्तर सांगावे म्हणतो.

डीपीच्या टाकीत तेल असते, तेलात तारेची वेटोळी असतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. ही वेटोळी ज्याच्याभोवती गुंडाळलेली असतात तो गाभा मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतो. हा गाभा पोलादाचा. पण सलग ठोकळा नव्हे. साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचे, म्हणजे जवळपास पोस्टकार्डाएवढे पातळ, शेकडो पत्रे एकावर एक रचून तो बनवलेला असतो. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. तेवढ्याच वेळा या पत्र्यांना एका दिशेने चुंबक व्हावे लागते आणि पुन्हा उलट दिशेने व्हावे लागते. रात्रंदिवस, वर्षानुवर्षे, विश्रांती नाही. काकूंना ऐकू येणारा घूं आवाज हा या पत्र्यांच्या किंचित लांब-आखूड होण्याचा. नुसत्या आवाजावरून गाभ्याचे निदान करता येत नाही, आवळलेले बोल्ट सैल असले तरी तो वाढतो. पण आवाज वाढला म्हणजे पोटात डोकावण्याची वेळ झाली, एवढे नक्की.

या सततच्या उलथापालथीत दोन प्रकारे वीज वाया जाते. लोखंडाला एका दिशेने चुंबक केले की ते दुसऱ्या दिशेला वळायला कुरकुर करते. ती कुरकुर मोडण्यात काही वीज खर्ची पडते. दुसरे असे की बदलत्या चुंबकत्वामुळे पत्र्याच्या आत विजेचे लहान लहान भोवरे उठतात. त्यांचा उपयोग काही नाही, ते नुसता पत्रा तापवतात. पत्रे पातळ आणि एकमेकांपासून विलग ठेवायचे ते हे भोवरे लहान राहावेत म्हणून.

पहिल्या ट्रान्सफॉर्मरांचे गाभे साध्या लोखंडाचे होते. त्यांची एक विचित्र खोड होती. नवे असताना बरे चालत आणि काही महिन्यांत त्यांचा नाश वाढत जाई. लोखंडात विरघळलेला कार्बन आणि नायट्रोजन हळूहळू बाहेर पडून बारीक कण धरीत आणि ते कण चुंबकत्वाच्या वाटेत खडे होऊन बसत. इंजिनियर मंडळी त्याला लोखंडाचे म्हातारपण म्हणत. या दुखण्यावर औषध सापडले ते इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांना. लोखंडात निरनिराळी मूलद्रव्ये मिसळून काय होते ते पाहण्याचा त्यांना नादच होता. त्यांनी तयार केलेल्या मिश्रधातूंची विद्युत आणि चुंबकीय परीक्षा डब्लिनच्या विल्यम बॅरेट यांनी केली आणि 1900 च्या सुमारास असे दिसून आले की लोखंडात थोडे सिलिकॉन घातले तर ते चुंबक म्हणून अधिक मऊ वागते. सिलिकॉन म्हणजे वाळूतले मूलद्रव्य. शंभर किलो लोखंडात तीन किलो सिलिकॉन घातले तर विजेला होणारा त्याचा विरोध चौपटीहून अधिक वाढतो. भोवऱ्यांचा जोर तिथेच ओसरतो.

मग दहा किलो का घालू नये? तर निसर्ग फुकट काही देत नाही. सिलिकॉन वाढवावे तसा पत्रा कडक आणि ठिसूळ होतो. साडेतीन टक्क्यांच्या पुढे गेले की थंड लाटताना तो वाळल्या पापडासारखा तडकतो. शिवाय सिलिकॉन स्वतः चुंबक होत नाही. त्याने जागा अडवली तेवढी लोखंडाची चुंबकशक्ती घटते. म्हणून सारी दुनिया तीन-सव्वातीन टक्क्यांवर येऊन थांबली.

आता रव्याकडे वळू. साजूक तूप घाईने निवले तर मऊ लोण्यासारखे थिजते. सावकाश निवू दिले तर रवाळ होते. लोखंडही असेच रवाळ असते. ते आपल्याला सलग दिसते. पण भिंगाखाली पाहिले तर एकमेकांना चिकटलेले असंख्य कण दिसतात. प्रत्येक कण म्हणजे एक स्फटिक. त्यातले अणू घनाकृती चौकटीत शिस्तीत मांडलेले असतात. पण शेजारच्या कणाची चौकट वेगळ्याच कोनात कललेली असते. दोन कणांच्या मध्ये जो बांध असतो तिथे चुंबकत्वाची वाट अडखळते. तेव्हा कण जितके मोठे तितके बांध कमी आणि कुरकुरही कमी.

पण नुसते मोठे कण असून भागत नाही. 1926 मध्ये जपानमध्ये कोतारो होंडा आणि त्यांचे सहकारी काया यांनी लोखंडाचे एकेक सुटे स्फटिक घेऊन ते मोजले. त्यांना आढळले की घनाच्या कडेच्या दिशेने लोखंड अगदी सहज चुंबक होते आणि कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने सर्वांत नाखुशीने. लाकडाला जशी रेषा असते, रेषेच्या बाजूने कुऱ्हाड सहज चालते आणि आडवी घातली की अडते, तसाच हा प्रकार. मग पत्र्यातल्या सगळ्याच कणांची ती सोपी कड पत्र्याच्या लांबीच्या दिशेने वळवता आली तर?

हे साधले ते अमेरिकेतल्या नॉर्मन गॉस यांना. 1934 साली त्यांना पेटंट मिळाले. सिलिकॉनयुक्त पत्रा थंड असताना लाटायचा, मग भट्टीत तापवायचा, पुन्हा लाटायचा, पुन्हा तापवायचा. या लाटण्या-तापवण्याच्या ठरावीक क्रमाने बहुतेक कण एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले. या मांडणीला आजही गॉसचेच नाव आहे. पण हे नेमके का घडते याचा उलगडा व्हायला आणखी दोन तपे जावी लागली. 1958 साली मे आणि टर्नबुल या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की या करामतीचा सूत्रधार पोलादात अपघाताने राहून गेलेला एक क्षुद्र ऐवज आहे. मँगेनीज आणि गंधक यांच्या संयोगाचे, डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे बारीक कण!

हे कण काय करतात ते पाहण्यासारखे आहे. पत्रा तापू लागला की त्यातला प्रत्येक स्फटिक शेजाऱ्याला गिळून मोठा होऊ पाहतो. सगळ्यांना सारखी मोकळीक दिली तर सगळेच थोडे थोडे वाढतात आणि दिशेचा बोजवारा उडतो. मँगेनीज आणि गंधकाचे हे बारीक कण स्फटिकांच्या बांधांवर ठाण मांडून बसतात आणि बांध सरकू देत नाहीत. सगळ्यांची वाढ रोखून धरतात. भट्टी हजार अंशांच्या आसपास पोहोचली की हे पहारेकरी विरळ होऊ लागतात. त्या क्षणी लाखांतून एखादाच असा तो योग्य दिशेचा स्फटिक सर्वांच्या आधी सुटतो आणि शेजारच्या हजारोंना गिळत भराभर वाढतो. हा मान नेमका त्यालाच का मिळतो, याबद्दल शास्त्रज्ञांचे अजूनही पूर्ण एकमत नाही. पण परिणाम डोळ्यांनी दिसतो. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढे असलेले कण वाढून तीन ते पाच मिलिमीटरचे होतात. आम्लाने धुतलेला असा पत्रा उन्हात धरला तर त्यावर नुसत्या डोळ्यांनी ठिगळे ठिगळे दिसतात.

यात सिलिकॉनचा आणखी एक उपकार आहे. शुद्ध लोखंड 912 अंशांना पोहोचले की आपल्या अणूंची मांडणीच बदलते. मग निवताना पुन्हा पहिली मांडणी येते आणि जमवलेले सारे कण मोडून पडतात. पुरेसे सिलिकॉन असेल आणि कार्बन जवळजवळ नसेल तर हा बदल होतच नाही. म्हणूनच पत्रा बाराशे अंशांपर्यंत निर्धास्त तापवता येतो.

त्या शेवटच्या भट्टीची तऱ्हा काकूंना फार आवडली. पत्र्याची गुंडाळी भट्टीत ठेवण्यापूर्वी त्यावर मॅग्नेशियाचा लेप देतात, नाहीतर थर एकमेकांना चिकटतील. आपण पापड लाटताना पिठी लावतो तसेच. हाच लेप उष्णतेत पत्र्यावरच्या सिलिकॉनशी संयोग पावून काचेसारखे पातळ आवरण बनतो आणि पत्र्यांना एकमेकांपासून विलग ठेवतो. शुद्ध हायड्रोजनमध्ये ही गुंडाळी कित्येक तास बाराशे अंशांवर ठेवतात. तापणे-निवणे धरून हे काम काही दिवसांचे. या मुक्कामात हायड्रोजन पत्र्यातले गंधक ओढून बाहेर काढतो. कारण काम झाल्यावर ते आत राहिले तर तेच वाटेतले खडे होणार! मसाल्याची पुरचुंडी शिजताना भांड्यात सोडतात आणि वाढण्यापूर्वी काढून घेतात, तशातला हा भाग. कार्बनही याआधीच ओलसर हायड्रोजनच्या भट्टीत काढून टाकलेला असतो. लाख भागांत तीन भागांहूनही कमी उरेपर्यंत.

पुढे 1960 च्या दशकात जपानी पोलाद कारखान्यातल्या तागुची आणि साकाकुरा यांनी पहारेकरी बदलले. गंधकाच्या जोडीला अॅल्युमिनियम आणि नायट्रोजन यांच्या संयोगाचे कण आणले. किती? अॅल्युमिनियम शंभर भागांत सुमारे पाव टक्क्याचा दहावा हिस्सा आणि नायट्रोजन त्याहूनही कमी. एवढ्याशा फरकाने कणांची दिशा चुकण्याचे सरासरी प्रमाण सात अंशांवरून तीन अंशांवर आले आणि कण सेंटिमीटरभर झाले. कण फार मोठे झाले की भोवऱ्यांचा एक निराळाच उपद्रव वाढतो, म्हणून आता त्या पत्र्यावर लेसरने बारीक रेघा ओढतात. अति तिथे माती हा नियम कणांनाही लागू आहे.

तुमच्या डोक्यावरच्या पंख्यातला पत्रा मात्र वेगळ्या जातीचा. फिरत्या यंत्रात चुंबकत्वाची दिशाच फिरत राहते, तेव्हा सगळे कण एकाच बाजूला वळवून उपयोग नाही. तिथे कण साधारण एक दशांश मिलिमीटरचे आणि सर्व दिशांना तोंड केलेले लागतात. त्यासाठी सिलिकॉनबरोबर थोडे अॅल्युमिनियम घालतात, गंधक मात्र मुळातच नको. आणि कधी कथील किंवा अँटिमनीचा लवलेश घालून कणांची ठेवण सुधारतात. डीपीच्या पत्र्यात गंधक हे औषध, पंख्याच्या पत्र्यात तेच विष.

इथवर काकूंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘‘एवढं सगळं करून बनवलेला पत्रा, मग आपली डीपी अशी का घुमते?’’

आता खरे सांगायला हवे. डीपी जळते ती बहुतेकदा पत्र्यामुळे नव्हे. जादा भार, उतरलेले किंवा चोरलेले तेल, फ्यूजच्या जागी बांधलेली जाड तार, ही तिची कारणे. पत्र्याचा दोष असा रात्रीत जाळ होऊन बाहेर पडत नाही. तो वर्षानुवर्षे मुकाट्याने वीज खात राहतो. म्हणूनच त्याची दाद कोणी घेत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका लहानशा कारखान्यात होतो. नाव सांगण्यात अर्थ नाही. तसे पुष्कळ होते. परदेशात आयुष्य संपलेले मोठे ट्रान्सफॉर्मर फोडून त्यांचा पत्रा वजनावर विकायला येई. तो आम्ही आणत असू. वाकलेला असला तर लाकडी हातोड्याने ठोकून सरळ करायचा, लहान तुकडे कापायचे आणि गावच्या डीपीत रचायचा. आता ज्या पत्र्याची सारी पुण्याई कणांच्या दिशेत आहे तो वाकवला, ठोकला, की आतल्या कणांना ताण बसतो. आवरण खरवडले की पत्रे एकमेकांना टेकतात आणि भोवऱ्यांना मोठे अंगण मिळते. तुकडा लांबीऐवजी आडवा कापला गेला तर नाश कितीतरी पटींनी वाढतो. गाभ्याचे कोपरे पंचेचाळीस अंशांत तिरके कापतात ते उगीच नव्हे. वळणावरही चुंबकत्वाला सोपी वाट मिळावी म्हणून.

एकदा शंभर केव्हीएच्या एका डीपीची मी चाचणी घेतली. भार नसताना तिचा गाभा अडीचशे वॅटच्या आसपास वीज खाईल अशी अपेक्षा होती. मीटर चारशेवर थांबला. मी मालकांकडे गेलो. ते हसून म्हणाले, ‘‘साहेब, लोकांना दिवा लागल्याशी मतलब. टाकी उघडून कोण बघतंय?’’ तपासणीच्या कागदावर अडीचशेचा आकडा आधीच टाईप करून ठेवलेला होता. मी त्यावर सही केली. तेव्हा वय लहान होते, घरी धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते, ही कारणे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली आहेत. हिशेब मात्र त्याने बदलत नाही.

हिशेब असा. दीडशे वॅट म्हणजे फार नव्हे, दोन पंखे. पण गाभा चोवीस तास चालू असतो, गावातला एकही दिवा लागलेला नसला तरी. वर्षाचे तास 8760. म्हणजे वर्षाला 1314 युनिट. महिना शंभर युनिट वापरणाऱ्या घराला वर्षभर पुरून वर उरेल एवढी वीज एका सहीने दरवर्षी तेलात विरघळली. डीपी वीस वर्षे चालली असेल तर सव्वीस हजारांहून अधिक युनिट. आणि अशा सह्या करणारा मी एकटा नव्हतो.

तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे, हेही सांगितले पाहिजे. डीपीसाठी 2014 साली सुधारलेल्या भारतीय मानकात एकूण नाशाच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. गाभ्याच्या पोलादालाही मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली, ती या वापरलेल्या मालाला आळा बसावा म्हणूनच. आपला देश या दिशाबद्ध पत्र्यासाठी बराच काळ परदेशावर विसंबून राहिला. तो बनवणारा देशातला कारखाना आपल्या नाशिकजवळ आहे. एका जर्मन कंपनीकडचा हा कारखाना एका भारतीय आणि एका जपानी कंपनीने मिळून घेतल्याचे 2024 साली जाहीर झाले आणि 2025 मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. हे तंत्र इथे रुजले आणि वाढले तर आनंदच आहे.

पण नव्या डीपीचे मानक कागदावर चांगले असून जळलेल्या डीपीच्या दुरुस्तीचे काय? आपल्या गावोगावच्या कितीतरी डीपी एकदा नव्हे, अनेकदा दुरुस्त झालेल्या असतात. दुरुस्तीत वेटोळी नवी घालतात. पण ती काढण्यासाठी गाभ्याचा वरचा भाग सोडवावा लागतो आणि मग पुन्हा रचावा लागतो. ते काम जपून झाले की आपटून, हे कोण पाहते? माझे म्हणणे साधे आहे. दुरुस्तीनंतर प्रत्येक डीपीची भार नसतानाची चाचणी व्हावी आणि मीटरने दाखवलेला आकडा, टाईप केलेला नव्हे, टाकीवर रंगाने लिहावा. जिथे तो मर्यादेबाहेर असेल तिथे ती डीपी परत जावी. आणि खरेदी करताना नुसती सर्वांत कमी किंमत पाहू नये. वीस वर्षांत ती किती वीज खाणार त्याची किंमत तिच्यात मिळवून मग तुलना करावी. आपण घरात पंखा घेताना आता त्यावरचे तारे मोजतो. गावाने आपल्या डीपीविषयी एवढे विचारायला काय हरकत आहे?

हे पैसे वीज कंपनीचे, आपल्याला काय, असेही कोणी म्हणेल. पण वाया गेलेल्या प्रत्येक युनिटसाठी कुठेतरी कोळसा जळालेला असतो, आणि त्याची किंमत आज ना उद्या आपल्याच बिलात उतरते.

परत निघालो त्या सकाळी काकूंनी तुपाची बरणी हातात ठेवली. रवाळ, दाणेदार तूप. म्हणाल्या, ‘‘मी काल त्या लाइनमनला विचारलं, आमच्या डीपीचा आकडा किती? तो म्हणाला, आजी, कसला आकडा?’’

‘‘मग तुम्ही काय म्हणालात?’’

‘‘म्हटलं, माझा पुतण्या सांगेल तुला. लिहून पाठव म्हणजे झालं.’’

घरी आल्यावर वीज कंपनीच्या कार्यालयाला पत्र लिहायला बसलो. खाली सही करताना हात थोडा थांबला. या वेळी आकडा माझा नव्हता, मागणी होती. सही केली.